कशाला किती गुण?

मे महिन्यात बहिणीचा मुलगा आठ दिवस राहायला आला होता. नुकताच अठरा पूर्ण झालेला. दुपारभर संगणकावर गोळीबाराचा खेळ चाले. शेवटी मी चिडून म्हटले, "अरे, किती माणसं मारशील?" तो हसून म्हणाला, "अगं मावशी, मारायला काय, कुणीही मारेल. कसं मारलं त्याचे पॉइंट असतात!"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि हा हिशेब समजून घेतला.

खेळाचे नाव 'बुलेटस्टॉर्म', २०११ साली आलेला. एकट्याने खेळत कथा पुढे न्यायची, तिला मोहीम म्हणतात. या मोहिमेत शत्रूला साध्या गोळीने मारले तर जेमतेम १० गुण. पण चाबकासारख्या दोरीने ओढून, लाथ घालून काटेरी झुडपावर फेकले तर जास्त. एखादी करामत पहिल्यांदा केली तर आणखी जास्त. या गुणांवरच पुढच्या गोळ्या आणि बंदुकीच्या सुधारणा विकत घ्यायच्या. कथेत याचे कारणही दिले आहे: कोणता सैनिक रसद मिळण्याच्या लायकीचा आहे, हे ठरवण्यासाठीच ही यंत्रणा बनवलेली. म्हणजे इथे गुण ही शाबासकी नाही, मजुरी आहे!

प्रत्येक करामतीला नावही आहे. शरीराचे दोन तुकडे केले की 'टॉपलेस'. एकाच वेळी अनेकांना मारले की 'गँग बँग'. मी भाच्याला या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला. तो लाजला आणि म्हणाला, "ते नुसतं नाव आहे गं."

मैत्रिणींनो, 'नुसतं नाव' हे उत्तर आपल्याला नवीन आहे का? आई-बहिणीवरून दिलेल्या शिव्यांबद्दल आपण बोललो तेव्हाही हेच ऐकले होते: बोलायची पद्धत आहे, अर्थ कोण घेतो! बाईच्या देहाचे शब्द मारण्याच्या बक्षिसाला लावायचे, आणि वर ते नुसते नाव म्हणायचे!

सगळेच खेळ असे नाहीत. १९९३ च्या 'डूम'मध्ये प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पाटी येते: शत्रू किती टक्के मारले, वस्तू किती टक्के गोळा केल्या, गुप्त जागा किती शोधल्या, वेळ किती लागला. २००७ च्या 'हेलो ३'मध्ये मोहिमेत गुण मोजायचे की नाही ते खेळणाऱ्याने ठरवायचे. मोजले तर शत्रूच्या प्रकारानुसार गुण, आपण मेलो किंवा आपल्याच साथीदाराला मारले तर वजा, आणि मोहीम लवकर संपवली तर गुणांची पट वाढते.

उलटही करता येते. १९९४ च्या 'व्हर्चुआ कॉप'मध्ये गुंडाच्या हातावर नेम धरून त्याला निःशस्त्र केले तर खास गुण मिळतात, आणि सामान्य नागरिकाला गोळी लागली तर आपलाच एक जीव जातो. १९९७ च्या 'गोल्डनआय'मध्ये खेळ अवघड केला की कामांची यादी वाढते, आणि निरपराध माणसे मारली तर मोहीमच फसते. बंदूक या खेळांतही आहेच. फरक आहे तो कोष्टकाचा. आणि कोष्टक आकाशातून पडत नाही, ते कुणीतरी बसून आखलेले असते.

कोष्टकाची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे २९९ मिनिटे बिनमोल काम नोंदले गेले, पुरुषांचे ९७ मिनिटे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्या मिनिटांची किंमत आजही शून्य. ज्याला रकाना नाही ते काम नाही, असे जग मानते. खेळाच्या कोष्टकातही तेच: जखमी साथीदाराजवळ थांबलात, शरण आलेल्याला सोडलेत, तर बहुतेक ठिकाणी शून्य. उलट वेळ मोडला म्हणून तोटाच.

हे खेळ खेळून मुले खुनी होतात असे मी म्हणत नाही. माझा भाचा झुरळ दिसले तरी मला हाक मारतो! बंदी घाला, असेही मी म्हणणार नाही. बंदीने मुले दार लावून खेळतील आणि आपल्याशी बोलणे तेवढे बंद होईल. पण रक्त किती सांडते एवढेच पाहून आपण मागे फिरतो, आणि ते सांडण्याचा भाव कुणी ठरवला हे विचारायचे राहून जाते.

म्हणून किशोरवयीन मुलामुलींच्या शिबिरांत हा विषय घ्यावा असे मला वाटते. आधी त्यांच्या शेजारी बसून खेळ पाहावा. मग तीन प्रश्न विचारावेत: गुण कशाला मिळाले? वजा कशाला झाले? आणि शून्य कशाला? तिसऱ्या प्रश्नावर चर्चा रंगते, हे मी आमच्या स्वयंपाकघरात अनुभवले आहे.

जायच्या दिवशी भाच्याने मलाच विचारले, "मावशी, खेळ तू केला असतास तर पॉइंट कशाला दिले असतेस?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आपल्या भाषेत गुण म्हणजे मार्क आणि गुण म्हणजे सद्गुणही. या दोहोंची गाठ कुठे घालायची, याचे उत्तर एकटीने शोधण्यापेक्षा आपण गटागटांत बसून शोधू या. तुमचे कोष्टक जरूर लिहून पाठवा.