फिल्टर बाहेरचा घ्या, पण पावतीवर घ्या

टोमॅटोचा सीझन तोंडावर आलाय. थोड्याच दिवसांत पिंपळगावच्या मार्केटबाहेर पिकअपच्या रांगा लागतील, वाशीची भाडी सुरू होतील. त्याआधी गाडीवाले सर्व्हिसिंग उरकून घेतात, म्हणून हा विषय आत्ताच मांडतो. विषय किरकोळ वाटेल. डिझेल फिल्टर.

आपल्याकडे स्पेअर पार्टच्या काउंटरवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "ओरिजनल देऊ का चालू?" आणि दुसरा, "बिल लागेल का?" या दोन प्रश्नांच्या मध्ये पिकअपवाल्याचं नशीब अडकलेलं असतं. पहिल्या प्रश्नावर सगळे बोलतात. माझं म्हणणं दुसऱ्याबद्दल आहे.

आधी पहिला मिटवू. "बाहेरचा फिल्टर वाईट, शोरूमचाच घ्या" असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत, फिल्टरवाल्या कंपन्यांकडून घेतात आणि स्वतःच्या खोक्यात विकतात. बॉश, माहले, फ्लीटगार्ड, एलोफिक अशा कंपन्यांचा माल बाजारातही मिळतो. योग्य पार्ट नंबरचा, खात्रीच्या कंपनीचा फिल्टर बाहेरून घेतला तर त्यात काही गैर नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ वाहन कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या बाजारात मोकळी करत नाहीत म्हणूनच. गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. मुद्दा हा, की बाहेरचा माल घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे, गुन्हा नाही.

पण "बाहेरचा" आणि "डुप्लिकेट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या काउंटरवर दोन्ही एकाच फळीवर बसतात.

जुन्या गाडीचा पंप थोडा कचरा पचवायचा. आताच्या कॉमन रेलच्या गाडीला ते जमत नाही. १,६०० बार आणि त्याहून जास्त प्रेशरवर हे इंजेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत नोझल, काम करतात. पीएसआयमध्ये सांगायचं तर २३ हजारांच्या वर. टायरमध्ये आपण पन्नास-साठ भरतो! इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा तिथे पॉलिश पेपरसारखी घासते, आणि पाणी गेलं तर गंज धरतो. हे दोन्ही अडवायचं काम त्या एका डब्याचं.

आता गंमत बघा. भिकार फिल्टर लावला की गाडी आधी छान चालते. आतला कागद विरळ, डिझेलला अडवणारं काही नाही, पिकअप मस्त उचलते. चांगला फिल्टर मात्र डिझेल घाण असलं की चोक होतो, गाडी ओढत नाही, आणि शिव्या फिल्टरला पडतात. वास्तविक त्याने काम केलेलं असतं. म्हणून "मी दोन वर्षं चालूच वापरतोय, काय झालं?" या बोलण्याला माझ्या लेखी किंमत नाही. नोझल एका दिवसात जात नाही. हळूहळू झिजते, धूर वाढतो, अ‍ॅव्हरेज पडतो, थंडीत सेल्फ जास्त मारावा लागतो. आणि एक दिवस बिल येतं.

माझ्या ओळखीच्या एका पिकअपवाल्याला ते गेल्या सीझनला आलं. इगतपुरी सोडल्यावर गाडी मिसिंग मारायला लागली आणि घाटाच्या तोंडाशी बंद पडली. भरलेली गाडी, रात्रीची वेळ. उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्हीची साथ सुटते, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. तो आधीच बाजूला घेऊ शकला. माल दुसऱ्या गाडीत भरून वाशीला पोचेपर्यंत सकाळचा बाजार निघून गेला. चारही नोझल आणि पंपाचं काम धरून खर्च साठ हजारांच्या पुढे. मिस्त्रीने जुना फिल्टर कापून दाखवला. कागदाच्या घड्या नावापुरत्या, एका बाजूने गोंद सुटलेला. डिझेल गाळलंच जात नव्हतं, बाजूने वाहून जात होतं. डब्यावर छाप मात्र नामांकित कंपनीचा.

तो दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "हा माझ्याकडचा कशावरून?" पावती नव्हती. विषय संपला.

इथेच मला राग येतो. डुप्लिकेट पार्टच्या बातम्या मी स्वतः लिहिल्यात. ठरलेला साचा असतो: कंपनीचा प्रतिनिधी तक्रार देतो, पोलिस छापा टाकतात, कॉपीराइट किंवा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा, इतक्या लाखांचा माल जप्त. यात फिर्यादी कोण? कंपनी. नुकसान कुणाचं मोजलं? कंपनीच्या नावाचं. जो माल त्याआधी विकला गेला आणि गाड्यांना बसला, त्याचं काय, हे कुणी विचारत नाही. मालाचे खोके मोजले जातात, गेलेल्या नोझल कुणी मोजत नाही.

पिकअपवाल्याच्या हातात मात्र कायदा आहे. "तू धंद्यासाठी गाडी वापरतोस, तू ग्राहक नाहीस" असं त्याला ऐकवलं जातं. ते अर्धंच खरं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर "व्यावसायिक" धरला जात नाही. स्वतःची एक गाडी स्वतः चालवणारा माणूस जिल्हा आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. १९१५ वर फोन करता येतो. पण या सगळ्याचं दार पावतीने उघडतं. टॅक्सचे शे-दीडशे वाचवायला आपण तीच सोडून देतो.

तेव्हा पावती घेताना तीवर पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. "फिल्टर १ नग" एवढ्यावर ऐकू नका. खोक्यावर उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असायलाच हवा, तसा वैधमापनाचा नियम आहे. क्यूआर असेल तर काउंटरवरच स्कॅन करा. नुसतं "५ मायक्रॉन" छापलंय म्हणून भुलू नका. पाच मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. जुना फिल्टर टाकू नका, मिस्त्रीकडून कापून बघा. आणि नवा फिल्टर बसवताना बाटलीतलं डिझेल ओतून भरू देऊ नका. ते न गाळलेलं डिझेल स्वच्छ बाजूला जाऊन सरळ पंपात जाऊ शकतं. हातपंप मारून हवा काढायला पाच मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.

एक अजून. ड्रममध्ये साठवलेलं किंवा रस्त्याकडेचं "स्वस्त" डिझेल भरत असाल तर कुठलाच फिल्टर तुम्हाला वाचवणार नाही. निफाडच्या थंडीत अर्ध्या टाकीत रात्रभर पाणी धरतं, खालचा ड्रेन स्क्रू अधूनमधून ढिला करून ते सोडत जा.

सगळे दुकानदार चोर आहेत असं मी म्हणत नाही. काहींना स्वतःलाच वरून डुप्लिकेट माल येतो, आणि बिन पावतीची सवय गिऱ्हाइकांनीही लावलीय. शिवाय यातले बरेच जण आमच्या दिवाळी अंकाचे जाहिरातदार आहेत, त्यामुळे यंदा दोन-चार अर्धी पानं कमी होतील हे गृहीत धरून लिहितोय.

माझा प्रश्न वैधमापन खात्याला आहे. पेट्रोल पंपाचं माप आणि किराणा दुकानातलं वजन तुम्ही तपासता. स्पेअर पार्टच्या दुकानातली खोकी शेवटची कधी तपासली? किती दुकानांवर कारवाई झाली? सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. कुणाकडे असा कापलेला फिल्टर असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका, दुकानाचं नाव न लिहिता. पावती असेल तर मात्र इनबॉक्समध्ये पाठवा, ती अर्जाला जोडता येईल.