पाणी गाळून पितो, वाणी कधी गाळणार?



आज पाककृती नाही. आज एका डब्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मान खाली जाते.

गेल्या वर्षी इथे बोरिवलीत माझ्या सातवीतल्या मुलाच्या शाळेतून बोलावणं आलं. वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात सुकट असायचं. त्याने डबा उघडला की चार-पाच जण नाक धरायचे, त्याला 'बोंबील' म्हणायचे, त्याची बाटली लपवायचे. हे कित्येक महिने चाललं होतं. त्या चार-पाच जणांत माझा मुलगा होता. पाठशाळेत णमोकार मंत्र खणखणीत म्हणणारा, सूर्यास्तानंतर न जेवणारा!

घरी आल्यावर मी ओरडले. तो म्हणाला, "आई, तूच म्हणतेस ना, त्यांच्या घराला वास येतो म्हणून?"

हो, म्हणाले होते. जिन्यात, शेजारणीशी, हसत.

शाळेने काय केलं? त्रास झालेल्या मुलालाच दुसऱ्या बाकावर बसवलं, आमच्या मुलांकडून माफीचं पत्र लिहून घेतलं, प्रकरण मिटलं. आपल्या महिला मंडळात मी हे सांगितलं, तर एक ताई म्हणाल्या, "मुलंच ती, चालायचंच." दुसऱ्या म्हणाल्या, "आपल्या मुलांनाही कांदा-बटाट्यावरून चिडवतात की!" चिडवतात, खरंच आहे. पण मग आपल्याला तर जास्त कळायला हवं ना? हिंसा मनाने, वचनाने आणि कायेने होते हे आपणच शिकवतो. मग वचनाची हिंसा तेवढी 'मस्करी' कशी ठरते?

पोट बिघडल्यावर आपण पाणी गाळायला घेत नाही. आधी गाळतो, रोज गाळतो, घरातल्या सगळ्यांसाठी गाळतो. सार्वजनिक आरोग्याचा विचार याहून वेगळा नाही. एकेक आजारी शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांचं पाणी स्वच्छ ठेवायचं. शाळेतल्या छळाकडेही असंच पाहावं लागेल. एका 'वाईट' मुलाला पकडून भागत नाही. हसणारे आणि गप्प बसणारे मिळून ते पाणी गढूळ करतात.

हे नुसतं बोलणं नाही, करून पाहिलेलं आहे. गोव्याच्या 'संगत' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये 'सेहर' हा कार्यक्रम तपासला. मन मोकळं करायची पेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, शाळेची आरोग्य समिती आणि गरज असेल त्याला समुपदेशन, असं त्याचं स्वरूप होतं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मुलांमधलं नैराश्य कमी झालं. पण हे कुठे झालं? जिथे या कामासाठी वेगळी, प्रशिक्षण दिलेली व्यक्ती नेमली होती तिथे. ती मानसशास्त्राची पदवीधर असायची गरज पडली नाही. जिथे तेच काम शिक्षकांच्या गळ्यात टाकलं, तिथे फरक पडला नाही. आणि आपण मुलांना काय सांगतो? "टीचरला सांग." साठ वह्या तपासणाऱ्या त्या बाईंनी आणखी किती करायचं?

आपल्या मुंबईतही २००८ पासून पालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'जेम्स' कार्यक्रम झाला. टाटा समाजविज्ञान संस्था, 'कोरो' आणि 'आयसीआरडब्ल्यू' यांनी तो केला. मुलगा-मुलगी भेद आणि हिंसा यांवर मुलांना वर्गात खेळांतून, चर्चेतून बोलतं केलं. पालिकेच्या शाळांत हे होऊ शकतं, तर भरमसाठ फी घेणाऱ्या आपल्या शाळांत का नाही?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघड झाली आणि सरकारने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांची सक्त ताकीद दिली. ती हवीच. पण 'बोंबील' अशी कुजबुज कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि तक्रारपेटी वेळच्या वेळी उघडलीच नाही, तर ती भिंतीवरची शोभा.

"दादागिरी करणाऱ्याला शाळेतून काढा," असंही काही जणी म्हणतात. मैत्रिणींनो, पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव आपण मोरीत फेकतो का? ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी जपून सोडायची, ही आपली रीत. चुकलेल्या मुलालाही त्याच वर्गात, लक्ष ठेवून, सुधारायला हवं. काढलेला मुलगा दुसऱ्या शाळेत जाऊन तेच करेल.

आणि ज्याला त्रास झाला त्याला "क्षमा कर, सोडून दे" असं सांगणं आता बंद करूया. क्षमा मागायची असते, लादायची नसते. यंदा क्षमावाणीला मी मुलाला घेऊन त्या घरी गेले. त्याच्या आईने आत बोलावलं, पाणी दिलं. तो मुलगा काही बोलला नाही, नुसती मान हलवून आतल्या खोलीत गेला. तेही बरोबरच होतं.

पुढच्या पालक सभेत फीबद्दल बोलून झालं की प्रत्येकीने तीन प्रश्न विचारा. तक्रारपेटी दर किती दिवसांनी आणि कोणासमोर उघडते? शाळेत समुपदेशक आहे का, असेल तर मुलांना तो माहीत आहे का? आणि नाव न लिहिता, "तुला कोणी त्रास देतं का?" असं सगळ्या मुलांना वर्षातून एकदा तरी विचारलं जातं का?

घरातलं काम मात्र सभेची वाट पाहणार नाही. दुसऱ्याच्या डब्याबद्दल जिन्यात बोलणं मी सोडलं आहे. तुम्हीही सोडा.

जय जिनेंद्र.