दाणे भाजता येतात, मग कॉफी का नाही?

तुमच्या खोलीवर कॉफीची बाटली असेल तर जरा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ असं लिहिलेलं असेल, तर टक्केवारीही शोधा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली की पुरतं. बाकीची चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ. चिकोरी वाईट नाही, दाक्षिणात्य फिल्टर कॉफीत ती मुद्दाम घालतात. पण परीक्षेच्या रात्री आपण ‘कॉफी’ म्हणून जे पितो, त्यात कॉफी किती, हे निदान माहीत तरी हवं ना?

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे या बाटलीवरचा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले आणि इन्स्टंट कॉफीवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. भाजलेल्या बियांवर आधीपासून ५ टक्केच होता. न भाजलेल्या, कच्च्या बियांवर तर जीएसटीच नाही. म्हणजे कर कमी झाला तो बाटलीवरचा. ताज्या भाजलेल्या कॉफीला यातून नवं काही मिळालं नाही.

दुसरीकडे बीच महाग झालंय. जगातली सर्वांत जास्त कॉफी पिकवणाऱ्या ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, रोबस्टा जातीत पहिल्या नंबरवर असलेल्या व्हिएतनाममध्येही पाण्याची ओढ होती. डिसेंबर २०२४ मध्ये अरेबिका कॉफीच्या वायदा भावानं १९७७ चा विक्रम मोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पौंडाला, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅमला, ४ डॉलरच्या वर गेला. त्यात ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ब्राझीलच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि नोव्हेंबरमध्ये कॉफीला त्यातून वगळलं. तिकडच्या या ओढाताणीचा धक्का सात रस्त्यावरच्या कपापर्यंत पोचतो.

मग आपल्या देशातली कॉफी जाते कुठं? भारतात वर्षाला साधारण साडेतीन लाख टन कॉफी होते. त्यातली सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात, कोडगू, चिक्कमगळूरु आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. आणि एकूण पिकाचा मोठा भाग देशाबाहेर जातो. इटली हा आपला बडा ग्राहक. बी आपलं, भाजणार ते, आणि नाव होणार तिकडच्या एस्प्रेसोचं! कच्चं बी विकण्यापेक्षा भाजलेलं बी विकण्यात जास्त पैसा आहे. पण त्यासाठी गावात चव ओळखणारं गिऱ्हाईक लागतं.

आता सोलापूरचं बघा. उद्यान एक्स्प्रेस रात्रंदिवस आपल्या स्टेशनातून बंगळूरुला जाते-येते. अर्ध्या गावाला कन्नड नाहीतर तेलुगू समजतं. फिल्टर कॉफी अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि भाजणं तर आपल्या रक्तातच आहे. शेंगाचटणीसाठी दाणे किती भाजायचे, हे इथं शाळकरी पोरालाही वासावरून कळतं. मग घरी कॉफी भाजून बघायला काय हरकत?

मी भाजून बघितली. पहिला घाणा पार वाया गेला. आजीनं दाण्यांसाठी शिकवलेला नियम मी डोळे झाकून वापरला. मंद आच, घाई नको. अर्ध्या तासानं बी छान तपकिरी झालं, पण कॉफीला चव आली भिजलेल्या पोत्याची. नंतर उलगडा झाला. दाण्याला मंद आच मानवते, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि आपल्याला तो आतपर्यंत खरपूस हवा असतो. कॉफीच्या कच्च्या बियात १० ते १२ टक्के पाणी असतं. ते वेळेत निघून गेलं आणि बी पुरेसं तापलं, तरच वास आणि गोडवा तयार करणाऱ्या क्रिया नीट होतात. रेंगाळत भाजलं की बी नुसतं सुकत जातं. रंग येतो, चव येत नाही.

म्हणून हे असं करा. जाड लोखंडी कढई आधी चांगली तापवा. एका वेळी १०० ग्रॅमच बी घ्या, जास्त घेतलं तर काही करपतं, काही कच्चं राहतं. आच मध्यमपेक्षा थोडी मोठी ठेवा आणि उलथनं एक क्षणही थांबवू नका. चारेक मिनिटांत हिरवट बी पिवळं होईल, ओल्या गवताचा वास येईल. मग तोच वास भाजक्या पावाकडे झुकेल. आठ-दहा मिनिटांच्या आसपास लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू येईल. ही पहिली तडतड, तेव्हा बियाचं तापमान २०० अंशांच्या जवळ असतं. इथं आच थोडी कमी करा. बिनदुधाची कॉफी आवडत असेल तर पुढच्या मिनिट-दीड मिनिटात उतरवा. दुधात घालायची असेल तर आणखी थोडं गडद होऊ द्या. पण दुसरी, बारीक चुरचुर सुरू झाली की चव बियाची कमी आणि जळकी जास्त होत जाते.

उतरवल्यावरही काम संपत नाही. गरम बी आतून भाजतच राहतं. दोन चाळण्या घ्या, पंख्यासमोर एकीतून दुसरीत ओता. तीन-चार मिनिटांत बी गार व्हायला हवं, फोलपटंही उडून जातील. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो. होस्टेलच्या खोलीत हा उद्योग करू नका, वॉर्डनसमोर माझं नाव सांगितलंत तर मी ओळख देणार नाही!

लगेच दळायची घाईही नको. भाजलेल्या बियातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून एक-दोन दिवस थांबा. नंतर मात्र उलटी घाई करा. दोन-तीन आठवड्यांत संपवा आणि लागेल तेवढीच दळा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळं डबा घट्ट झाकणाचा असावा आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नये.

आता हिशेब. भाजताना बियाचं वजन साधारण १५ टक्के घटतं. समजा कच्चं बी किलोला ८०० रुपये पडलं, तर भाजलेलं बी पडेल जवळपास ९४० रुपयांना. कपाला १५ ग्रॅम धरले तर १४ रुपये झाले. वर गॅस, तुमचा वेळ आणि वाया गेलेले सुरुवातीचे घाणे. बाटलीतल्या चमचाभर पावडरीपेक्षा हे स्वस्त पडेलच असं नाही, आणि कर कमी झाल्यावर तर नाहीच. त्यामुळं पैसे वाचवायला म्हणून कॉफी भाजू नका.

भाजायची ती चव कळावी म्हणून. एकदा ताजी कॉफी पिऊन बघितली की बाटलीवरची टक्केवारी आपोआप वाचली जाते. कॅफेत मोठी किंमत देताना आपण कॉफीचे पैसे देतोय की एसी आणि सोफ्याचे, हे कळतं. कोडगूच्या आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कशासाठी, हेही जिभेला समजतं. आपल्या राज्यातही विदर्भात, चिखलदऱ्याला, कॉफी पिकते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

कर कुणावर किती, हे दिल्लीत ठरतं. भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या बाजारात ठरतो. तडतड ऐकून कढई कधी उतरवायची, एवढं मात्र तुमच्या हातात आहे. पहिला घाणा बिघडला तर वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा दाणे भाजले तेव्हाही ते करपलेच होते की!