भंगारात जाण्याआधी

खंडेनवमीला साखर कारखान्यात आयुधे पुजली जातात. मिलच्या रोलरला, बॉयलरला, वर्कशॉपमधल्या लेथला, अगदी वजनकाट्यालाही हळदकुंकू लागते, झेंडूचा हार चढतो. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि पुढे गव्हाणीत मोळी पडली की हंगाम सुरू. नीरा खोऱ्यातल्या सोमेश्वरनगर, शिवनगर, भवानीनगर या तिन्ही कारखान्यांवर हा सोहळा मनापासून होतो. पण ज्या यंत्राने तीस-चाळीस हंगाम ऊस गाळला, ते क्षमतावाढीच्या वेळी उतरवले की त्याची जागा भंगाराच्या निविदेत असते. पाठोपाठ जुनी रजिस्टरे, नकाशे, गट ऑफिसातल्या ऊसनोंदीच्या वह्या रद्दीत निघतात. या कारखान्यांच्या परिसराचा इतिहास जपणारे एखादे सांस्कृतिक प्रतिष्ठान उभे राहिले पाहिजे आणि त्याची सुरुवात सोमेश्वरनगरपासून व्हावी, असे आम्हाला वाटते.

सोमेश्वरनगर हे नाव जुन्या महसुली दप्तरात सापडणार नाही. निंबुत, वाघळवाडी, करंजे, मुरूम, वाणेवाडी ही मूळची गावे. त्यांच्यामध्ये कारखाना आला आणि करंज्याच्या सोमेश्वराचे नाव घेऊन भोवती वस्ती झाली. त्याआधीची गोष्ट पाण्याची आहे. दुष्काळी मुलखाला आधार म्हणून ब्रिटिशांनी काढलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. पाण्यामागून ऊस आला, गुऱ्हाळे आली, सासवडचे माळी बागाईतदार खाली बारामतीकडे उतरले. १९३२ मध्ये नदीपलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथून पुढे आलेल्या को ८६०३२ या वाणाला ‘नीरा’ हेच नाव मिळाले आणि आज राज्यभर तो लावला जातो. म्हणजे कारखान्याचे धुराडे दिसू लागले, तेव्हा या मातीला उसाची दोन पिढ्यांची सवय होती.

पुढचे काम सभासदांनी केले. मुगुटराव काकडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना शेअर घ्यायला लावले. त्यांचे नाव आज इथल्या महाविद्यालयाला आहे, हे योग्यच आहे. पण ज्यांनी घरातले किडूकमिडूक मोडून शेअरचे पैसे भरले, त्यांची नावे कुठे आहेत? शेअर दाखल्यांवर आणि सभासद नोंदवहीत. ती वही या परिसराची खरी वंशावळ आहे. ती जीर्ण होण्याआधी तिचे पान अन् पान छायाचित्रित झाले पाहिजे.

याच खोऱ्यात, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. पुढे तिथे दुसऱ्या कारखान्यांसाठी साखरेची यंत्रे बनू लागली आणि अवकाश संशोधनाच्या अग्निबाणांचे भागही तयार झाले. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांची शेती शेती महामंडळाकडे गेली. त्या कारखान्यांना खंडाने जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचा, म्हणजे खंडकऱ्यांचा, लढा तर पिढ्यान् पिढ्या चालला. मालकाने वसवलेले नगर आणि सभासदांनी वसवलेले नगर एकाच कालव्याच्या पाण्यावर, एकाच जिल्ह्यात नांदली. महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाचे दोन रस्ते इतक्या जवळजवळ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतील.

खासगी उद्योगघराण्यांनी आपला इतिहास जपायला कधीच सुरुवात केली. टाटांचे मध्यवर्ती अभिलेखागार १९९१ मध्ये सुरू झाले आणि आज ते पुण्यातच आहे. गोदरेजने २००६ मध्ये विक्रोळीला आपले अभिलेखागार सुरू केले. तिथे जुनी पत्रे, कपाटे, टंकलेखन यंत्रे, कामगारांच्या मुलाखती सांभाळल्या जातात. सहकारात हे का होत नाही? घराण्याला पूर्वजांचा अभिमान असतो आणि दप्तर ठेवायला जागाही असते. सहकारी कारखान्याचे मालक हजारो. संचालक मंडळ पाच वर्षांनी निवडणुकीला सामोरे जाते. समोर एफआरपी, अंतिम दर, कर्जाचे हप्ते आणि कामगारांचा पगार असतो. त्या धबडग्यात जुन्या कागदांची वास्तपुस्त कोण करणार? हे आम्ही समजू शकतो. म्हणूनच हे काम संचालक मंडळावर न सोपवता वेगळ्या, नोंदणीकृत प्रतिष्ठानाकडे द्यावे, असा आमचा आग्रह आहे. त्यात सभासद, निवृत्त कामगार आणि महाविद्यालयातले इतिहास-मराठीचे प्राध्यापक असावेत. कोणत्याही पॅनेलचा उमेदवार त्यात नसावा.

स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कचे उदाहरण आपल्याला फार जवळचे आहे. १७८६ मध्ये तिथे सूतगिरणी सुरू झाली. पुढे रॉबर्ट ओवेनने ती गिरणी चालवताना कामगारांसाठी रास्त भावाचे दुकान काढले, त्यांच्या लहान मुलांसाठी शाळा काढली. जगभरची सहकारी चळवळ ओवेनला आपल्या पूर्वसूरींमध्ये मोजते. ही गिरणी १९६८ मध्ये बंद पडली, वस्ती ओस पडू लागली. मग सत्तरच्या दशकात एक विश्वस्त संस्था पुढे आली आणि तिने चाळी, शाळा, गिरणी एकेक करून दुरुस्त केली. २००१ मध्ये त्या गावाची नोंद जागतिक वारसा यादीत झाली. आजही तिथे माणसे राहतात. पडझड झाल्यावर त्यांना इतके कष्ट घ्यावे लागले. आपले कारखाने तर अजून धूर सोडत आहेत.

काय जपायचे, याचा विचार मात्र नीट व्हायला हवा. अध्यक्षांच्या तसबिरी आणि उद्घाटनाच्या कोनशिला आपोआप टिकतात. टिकत नाही ते हातातले कसब. पॅनवरचा माणूस शिजणाऱ्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतो, उजेडासमोर धरतो आणि दाणा कितपत बांधला गेला ते सांगतो. आता पडद्यावर आकडे येतात, तरी जाणता पॅनमन पट्टी हातात घेतोच. ही नजर शिकायला पोराला किती हंगाम लागत, चूक झाली तर पॅनचे काय होई, हे निवृत्त पॅनमनकडूनच ऐकायला मिळेल. शेतकी विभागातला चिटबॉय, गाडीतळावरचा मुकादम, भोंग्यावर डबा भरणारी क्वार्टरमधली बाई, यांनाही बोलते केले पाहिजे. आषाढीच्या वाटेवर सोपानकाकांची पालखी कारखान्यावर मुक्कामाला येते. तेव्हा रात्री किती पंगती उठत, हेही त्यांनाच ठाऊक.

आणि या नगराचा अर्धा इतिहास क्वार्टरमध्ये राहिलाच नाही. तो ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत, कोप्यांत राहिला. बीड-नगरच्या भागातून उचल घेऊन आलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेच्या थंडीत फडात उतरत आली. पाचटाने हात कापले, मोळ्या डोक्यावर वाहिल्या, वाढे विकून मीठमिरची आणली आणि पट्टा पडला की गाव गाठले. त्यांची नावे सभासद नोंदवहीत नाहीत, कामगारांच्या हजेरीपटावर नाहीत. अलीकडे कोप्यांवर शाळा भरू लागल्या, त्यामुळे त्यांच्या मुलांची नावे तरी कुठे तरी लिहिली गेली. प्रतिष्ठानाच्या दालनात कोपी, कोयता आणि टायरगाडी नसेल तर ते दालन आम्ही अपुरे मानू. साखरेचे श्रेय वाटताना ही माणसे एकदा सुटली. इतिहास लिहिताना ती पुन्हा सुटू नयेत.

खर्च फार नाही. जुन्या गोदामाचा एक भाग, एक उतरवलेली मिल, एक स्कॅनर आणि दोन-तीन होतकरू विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एखाद्या सभासदाने हा ठराव मांडावा आणि बाकीच्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून हात वर करावेत. तोवर भंगाराची पुढची निविदा काढण्यापूर्वी जुन्या यंत्रांची आणि दप्तरांची यादी जाणकारांना दाखवावी. आणि ज्यांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पहिल्या शेअरचा दाखला, जुना वार्षिक अहवाल किंवा मोळीपूजनाचा फोटो असेल, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला देऊ नये.