रात्रीच्या मावशीची खोली कुणाच्या हिशोबात?

तुमच्या घरात बेडरूम किती आणि रात्री झोपणारी माणसं किती? जरा मोजा. आता त्यात एक माणूस वाढवा. हा माणूस तुमच्या घरात राहत नाही. रेशनकार्डावर त्याचं नाव नाही. पण आठवड्यातल्या काही रात्री तो येतो, कारण घरातल्या एका मुलाला रात्री उठून कूस बदलून द्यावी लागते, त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडे ब्युरोतून रात्रपाळीची मावशी येते ना, तसाच. त्याला पाठ टेकायला जागा लागेल की नाही?

लागेलच, असं तुम्ही पटकन म्हणाल. ब्रिटनमध्ये मात्र या साध्या उत्तरासाठी लोकांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. ही गोष्ट तिकडची असली तरी सरकारी नियम नेमका कुठे चुकतो, हे त्यातून छान कळतं. म्हणून हा प्रपंच.

आधी बेसिक समजून घेऊ. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्न असलेल्या भाडेकरूंना भाडं भरायला सरकार मदत करतं. तिला हाउसिंग बेनिफिट म्हणतात. बरेच जण कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहतात. एप्रिल 2013 मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांच्या सरकारनं या घरांसाठी नवा नियम आणला. तेव्हा हे खातं इयान डंकन स्मिथ यांच्याकडे होतं. नियम असा, की गरजेपेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर मदतीचा हिशोब करताना भाड्यातले 14 टक्के कापायचे, दोन किंवा त्याहून जास्त असतील तर 25 टक्के. म्हणजे आठवड्याचं भाडं 100 पाउंड असेल तर 14 पाउंड स्वतःच्या खिशातून. वर्षाचे झाले 728 पाउंड. आधीच मदतीवर घर चालवणाऱ्यासाठी ही रक्कम छोटी नाही.

सरकार म्हणालं, आम्ही फक्त जादा खोलीची सबसिडी काढतोय. विरोधकांनी त्याचं नाव ठेवलं 'बेडरूम टॅक्स'. तेच लोकांच्या तोंडी बसलं. सरकारचा युक्तिवाद अगदीच बिनबुडाचा होता असंही नाही. खर्च कमी करायचा होता. शिवाय मोठ्या घरात दोघंच राहतात आणि दुसरीकडे छोट्या घरात मोठं कुटुंब दाटीवाटीनं राहतं, हेही खरं होतं.

घोळ झाला तो 'गरज' मोजण्यात. एका जोडप्याला एक बेडरूम. सोळा किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीला एक. दहा वर्षांखालच्या दोन मुलांनी एक वाटून घ्यायची. सोळाखालचे दोन भाऊ किंवा दोन बहिणी असतील तर त्यांनीही एकच. आणि रात्री मुक्कामाला येणाऱ्या केअररसाठी एक खोली जास्तीची. मग प्रॉब्लेम काय? ही जास्तीची खोली फक्त अर्जदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला केअरर लागत असेल तरच मिळायची. घरातल्या मुलाला लागत असेल तर नाही!

याची झळ वेल्समधल्या एका घराला बसली. आजी-आजोबा त्यांच्या गंभीर दिव्यांग नातवाला सांभाळत होते. घरात तीन बेडरूम. एक आजी-आजोबांची, एक नातवाची, तिसरी रात्री येणाऱ्या केअररची. नियमाच्या भाषेत ही तिसरी खोली 'रिकामी' होती. आता विचार करा, तिथे रात्रीचा केअरर झोपलाच नाही, तर दिवस-रात्र त्या मुलाचं करणाऱ्या आजी-आजोबांनी झोपायचं कधी?

दुसरी केस एका नवरा-बायकोची. बायकोच्या अपंगत्वामुळे तिला खास बेड लागायचा. त्या बेडवर दोघं झोपू शकत नव्हते आणि खोलीत दुसरा बेड मावत नव्हता. पण जोडपं म्हणजे एक खोली, विषय संपला.

गंमत बघा. अपंगत्वामुळे दोन मुलांना एका खोलीत झोपवणं शक्य नसेल तर नियम जास्तीची खोली द्यायचा, पण त्याच कारणानं जोडप्याला द्यायचा नाही. मोठ्यांच्या केअररला खोली द्यायचा, लहानांच्या नाही. 9 नोव्हेंबर 2016 ला सुप्रीम कोर्टानं नेमकं यावरच बोट ठेवलं. या फरकाला काहीच पटण्यासारखं कारण नाही, हा भेदभाव आहे, असा निकाल दिला आणि दोन्ही कुटुंबं जिंकली.

त्याच निकालात इतर काही अर्जदार मात्र हरले. त्यांच्या बाबतीत जास्तीच्या खोलीची गरज अपंगत्वामुळे तितकी उघड दिसत नाही, असं कोर्टाचं मत पडलं. म्हणजे नियम रद्द झाला नाही. त्याला पडलेली दोन भोकं तेवढी बुजवायला लागली. 1 एप्रिल 2017 पासून नियम बदलला. मुलाच्या किंवा घरातल्या इतर प्रौढ व्यक्तीच्या केअररची खोली मोजणीत आली. अपंगत्वामुळे एका खोलीत झोपू न शकणाऱ्या जोडप्यालाही दुसरी खोली मिळाली. त्याआधीच्या काळातल्या कपातीचा प्रश्नही 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं अर्जदाराच्या बाजूनं सोडवला.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच वाटतो. सरकार कोर्टात म्हणत होतं, कपात झाली तरी कौन्सिलकडे वेगळा फंड आहे, तिथे अर्ज करा. त्या आजी-आजोबांना त्यातून पैसे मिळतही होते. पण हा फंड कौन्सिलच्या मर्जीवर चालणारा आणि ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा धाकधूक. नातवाचं अपंगत्व काही दर वर्षी नव्यानं सिद्ध करण्यासारखं नव्हतं. मर्जीनं मिळणं आणि हक्कानं मिळणं यात रात्रीच्या झोपेचा फरक आहे.

आपल्याकडे हा प्रश्न इतक्या लांब जातच नाही, कारण रात्री उठणारा माणूस म्हणजे आई, हे आपण गृहीत धरलेलं असतं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात केअरगिव्हरची व्याख्या आहे. पगार न घेता करणारे आई-वडील आणि घरचेही त्यात येतात. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याची तरतूदही आहे. फक्त ती सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' आहे. हे शब्द वाचून तुम्हाला कौन्सिलचा तो फंड आठवला ना?

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या योजनेची बातमी वाचाल, तेव्हा आकड्यावरच थांबू नका. जीआर उघडा आणि 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या शोधा. त्यात कोण आहे ते वाचा. मग आपल्या ओळखीतलं असं एक घर आठवा, आणि कोण राहिलं ते बघा.