फंडा सुक्या सरपणाचा

ऑनसाइट पोस्टिंग मिळालं, इंग्लंडमधल्या एखाद्या निवांत गावात घर भाड्यानं घेतलं आणि हॉलमध्ये चक्क लाकडावर चालणारा स्टोव्ह निघाला! एकदम फिल्मी. फोटो काढून झाले की प्रश्न उरतो: सरपण घ्यायचं कसं?

वखारीतून लाकडं आणायची सवय आजी-आजोबांबरोबरच गेली. त्यामुळे आपण स्वस्त दिसेल ते उचलतो आणि तिथंच फसतो. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. पेटवलं की आधी त्या पाण्याची वाफ होणार, उरलीसुरली ऊब तुमची. वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर २० टक्के ओल असलेलं एक किलो लाकूड साधारण ४ युनिट उष्णता देतं. ओल ५० टक्के असेल तर जेमतेम सव्वादोन. स्वस्तातला माल महागच पडला ना?

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे खरं. पण धूर कोण खाणार? ओल्या लाकडाच्या धुरातले बारीक कण तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातात. घरात लहान मूल किंवा दम्याचा पेशंट असेल तर हा विषय गमतीचा नाही. शिवाय चिमणीत डांबरासारखा थर साचतो आणि तो पेटूही शकतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून नियम आहे: २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं, तर ओल २० टक्क्यांपर्यंतच हवी. 'रेडी टू बर्न'चा शिक्का बघून घ्या. २ घनमीटर किंवा त्याहून जास्त घेतलंत, तर मात्र ओला मालही मिळू शकतो. 'कसा सुकवायचा' ही माहिती सोबत दिली की विक्रेता मोकळा!

सो, खरेदीच्या टिप्स. 'एक बॅग' या शब्दावर जाऊ नका, बॅगेचं माप ठरलेलं नसतं. किती घनमीटर आणि रचून की नुसतं ओतून, ते विचारा. वजनावर तर घेऊच नका, पाण्याचे पैसे मोजाल. 'किल्न ड्राइड' म्हणजे भट्टीत सुकवलेलं. 'सीझन्ड' म्हणजे नुसतं ठेवून वाळवलेलं, तेव्हा ते फोडून किती दिवस झाले हे विचारा. अ‍ॅश त्यातल्या त्यात लवकर सुकतं. ओकला फोडल्यावरही दोनेक वर्षं लागतात. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, पण ते वरून टेकवू नका. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला लावा. मीटर नसेल तर दोन लाकडं एकमेकांवर आपटा. सुकं टणकन वाजतं, ओलं थपकन.

घरी आणल्यावर जमिनीपासून उचलून रचा. वर छप्पर, बाजू मोकळ्या. रंग दिलेल्या जुन्या फळ्या मुळीच जाळू नका, विषारी धूर होतो.

आणि हो, ऑर्डर देण्याआधी दोन फोन. पहिला घरमालकाला: स्टोव्ह वापरू का, चिमणी शेवटची कधी साफ झाली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना? दुसरा कौन्सिलला: आपला भाग 'स्मोक कंट्रोल एरिया'त येतो का? येत असेल, तर मान्यताप्राप्त स्टोव्हशिवाय लाकूड जाळता येत नाही आणि चिमणीतून धूर निघाला तर ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तेवढ्या पैशात सुक्या सरपणाची मोठी खेप येईल, बॉस!