तोंडी राजीनाम्याची एवढी घाई कोणाला?

“मग नको मला ही नोकरी!” एवढंच मी म्हणाले होते. पीएचडीला येण्याआधी दिल्लीतल्या एका खासगी ऑफिसात मी दीड वर्ष काम केलं. त्या दिवशी सगळ्या टीमसमोर साहेब म्हणाले, “कोट्यातून आलेल्यांकडून आणखी काय अपेक्षा ठेवणार?” मी उठून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चालेना. एचआरचा मेल आला होता: तोंडी राजीनामा स्वीकारला आहे, कारण वैयक्तिक.

हे ‘वैयक्तिक’ कोणी ठरवलं? मला तर कोणी विचारलंच नव्हतं.

एरवी याच ऑफिसात तोंडी शब्दाला किंमत नव्हती. एका दिवसाची रजा हवी तरी मेल करा म्हणायचे. मग राजीनामाच तेवढा तोंडी कसा चालला? कारण तो सोयीचा होता. कामगार कायद्यात बसणाऱ्याला कामावरून कमी करायचं तर नोटीस, कारण आणि भरपाई द्यावी लागते. ‘स्वतःहून सोडलं’ म्हटलं की ते टळतं. शिवाय ज्या वाक्यामुळे माणूस उठून गेला, ते वाक्य फाइलमध्ये येतच नाही. जात बोलली जाते, नोंदवली जात नाही.

१९७७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पुढची तारीख घालून लेखी राजीनामा दिला आणि ती तारीख येण्याआधी मागे घेतला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. खासगी नोकरीत करार वेगळा असू शकतो, हे मान्य. पण न्यायाधीशांना विचार बदलायला दोन महिने मिळाले, आपल्या पोरीला एक रात्रही मिळू नये?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रागात उच्चारलेला राजीनामा त्याच दिवशी स्वीकारू नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. मग वाद झालेल्या साहेबाने नव्हे, दुसऱ्या कोणी विचारावं: खरंच जायचंय का? काय झालं? उत्तर कर्मचाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं.

आणि आपण? ऑफिसचे नियम समजावणारं आपल्या घरात कोणी नसतं. उठून जावंसं वाटलं तर जरूर जा. पण त्याच दिवशी मेल करा: ‘मी राजीनामा दिलेला नाही. अमुक वेळी, अमुक लोकांसमोर मला असं बोललं गेलं.’ त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा. मी हे केलं नाही. म्हणून त्या ऑफिसच्या कागदावर मी आजही ‘वैयक्तिक कारणाने’ गेलेली आहे.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये सभागृहातल्या निवेदनावर अट घातली गेली, तेव्हा ते बाहेर पडले आणि लेखी निवेदन वृत्तपत्रांना दिलं. म्हणूनच हिंदू कोड बिलासकट त्यांची सगळी कारणं आज आपल्याला वाचता येतात.

नोकरी सोडायची वेळ आली तर सोडूया. पण कारण आपल्या हातानं लिहूनच.